महाराष्ट्राचा सर्वांत मोठा हॉकीपटू कोण?



कारंज्याच्या या व्याख्यानमालेत आजवर शेतीवर बोललं गेलं, गांधी-विनोबांवर बोललं गेलं, संतांवर तर दरवर्षीच. आज हॉकी. आणि तीही सुरुवातीला बर्फावरची! पुढच्या रांगेतल्या दोन-तीन चेहऱ्यांवर मला स्पष्ट वाचता येतंय, 'पाहुणे चुकीच्या थांब्यावर तर उतरले नाहीत?' (हशा) नाही उतरलो. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमतो, ते मैदानावरचे शिक्षक. एक वर्ष खेळाला दिलं म्हणून त्यांना राग यायचा नाही.

मला आज बोलायचंय ते एका भांडणाबद्दल. आपल्याकडे कसे वाद चालतात? लता की आशा. गावसकर की तेंडुलकर. चहा संपतो, वाद संपत नाही. अमेरिकेत मिनेसोटा, मिशिगन, मॅसॅच्युसेट्स अशा गारठ्याच्या मुलखांत असाच एक वाद वर्षानुवर्षं चालू आहे: अमेरिकेचा आजवरचा सर्वांत मोठा आइस हॉकीपटू कोण?

खेळ थोडक्यात सांगतो. मैदान बर्फाचं. पायात धारेचे स्केट्स. चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती, तिला पक म्हणतात. गोलरक्षक धरून एका बाजूला सहा जण. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. आणि हो, हा खेळ भारतात नाही असं समजू नका. लेहच्या गोठलेल्या तळ्यांवर पोरं-पोरी हाच खेळ खेळतात, आणि २०२५ साली आपल्या मुलींच्या संघानं आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं.

तर अमेरिकेच्या वादात उमेदवार कोण कोण? पहिला ब्रेट हल. एनएचएल ही तिथली मोठी व्यावसायिक लीग. तीत त्याचे ७४१ गोल, आणि १९९०-९१ च्या एकाच हंगामात ८६. मग वाद कसला, द्या त्याला माळ! पण विरोधी पक्ष लगेच उभा राहतो. म्हणतो, हल जन्मला कॅनडात, बाप बॉबी हल हा कॅनडाचा दैवत मानला गेलेला खेळाडू, कॅनडानं याला तरुणपणी विचारलं नाही म्हणून हा आईच्या नात्यानं अमेरिकेकडून खेळला. हा आमचा कसा? मग दुसरं नाव येतं माइक मोडानोचं. मिशिगनचा. गोल ५६१. निवृत्त झाला तेव्हा अमेरिकेत जन्मलेल्यांत सर्वाधिक गोल त्याचे. तिसरा म्हणतो, गोल मोजणं हे पोरांचं काम. बचावाच्या फळीतून सामना चालवणारा ब्रायन लीच बघा, १९९४ साली एनएचएलच्या स्टॅनले चषकाच्या बाद फेरीत सर्वोत्तम खेळाडू ठरलेला पहिला अमेरिकन. चौथा एखादा म्हातारा असतो. तो म्हणतो, तुम्ही फ्रँक ब्रिमसेक पाहिला नाही. (खरं तर त्यानंही पाहिलेला नसतो, त्याच्या वडिलांनी पाहिलेला असतो.) (हशा)

आणि मग कोणीतरी १९८० काढतो. २२ फेब्रुवारी १९८०, लेक प्लॅसिडचं हिवाळी ऑलिंपिक. कॉलेजातल्या पोरांचा अमेरिकन संघ, समोर सोव्हिएत संघ, त्या काळी जगात अजिंक्य समजला जाणारा. अमेरिका ४, सोव्हिएत संघ ३. विजयी गोल कर्णधार माइक एरुझिओनीचा. आता गंमत पाहा. अमेरिकेच्या आइस हॉकीतला सर्वांत मोठा गोल कोणता, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर तोच. आणि सर्वांत मोठा खेळाडू कोण, यात एरुझिओनीचं नाव कोणीही घेत नाही. एनएचएलमध्ये तो एकही सामना खेळला नाही.

आता हा प्रश्न मी इकडे आणतो. बर्फ वितळू द्या, आपली मैदानी हॉकी घ्या. महाराष्ट्राचा आजवरचा सर्वांत मोठा हॉकीपटू कोण?

(सभागृहातून आवाज : धनराज पिल्ले!)

बघा. आलं उत्तर. अमरावतीत विचारलं असतं तरी हेच आलं असतं, कोल्हापुरात विचारलं असतं तरी हेच. एकच नाव. आणि माझी तक्रार तिथंच आहे. वादाला किमान दोन नावं लागतात. आपल्याकडे वाद होत नाही, कारण दुसरं नाव कोणाला आठवत नाही. धनराजपेक्षा मोठा कोणी होता असं मी म्हणत नाहीये. शर्यतीत एकच जण धावला, तर तो पहिला आला या म्हणण्यात त्याचाही काय मान राहतो?

म्हणून आज दुसरी नावं शोधू. शोधताना पहिली अडचण येते ती 'आपला' कोण याची. ब्रेट हलला जी आली तीच.

धनराज जन्मला १९६८ साली पुण्याजवळच्या खडकीत. घर तमिळ. वडील दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची देखभाल करायचे. मोडलेल्या काठ्या दोरीनं बांधून भाऊ-भाऊ खेळायचे. तो महाराष्ट्राचा नाही, असं कोणी म्हणेल? लिओ पिंटो घ्या. जन्म नैरोबीचा, १९१४ चा. हॉकी मुंबईची. १२ ऑगस्ट १९४८ ला लंडनच्या वेम्बली मैदानावर स्वतंत्र भारतानं पहिलं ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकलं, कोणाविरुद्ध, तर साक्षात इंग्रजांविरुद्ध, ४-० नं. त्या दिवशी भारताच्या गोलात पिंटो उभा होता. ज्यांनी दीडशे वर्षं राज्य केलं त्यांना त्यांच्याच राजधानीत एकही गोल करता आला नाही. गोल करणारा बलबीरसिंग देशाला ठाऊक आहे. गोल न होऊ देणारा पिंटो किती जणांना ठाऊक आहे? त्याच संघातली आणखी नावं सांगतो: वॉल्टर डिसोझा, लॉरी फर्नांडिस, मॅक्सी वाझ, रेजिनाल्ड रॉड्रिग्ज, गेरी ग्लॅकन. सगळे मुंबईचे. वांद्रे, माझगाव, भायखळ्याच्या ख्रिस्ती वस्त्यांनी, रेल्वेच्या आणि टाटांच्या संघांनी ही हॉकी पोसली. आपल्या मराठी क्रीडा-इतिहासाच्या पुस्तकांत ही माणसं का नाहीत? आडनावं पाहून आपण पान उलटलं का? प्रश्न विचारतोय, आरोप करत नाही. आरोपही करू शकलो असतो.

उलटही होतं बरं का. तुषार खांडकर, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला खेळलेला. आडनाव आपल्या कानाला अगदी घरचं. गाव? झाशी. ध्यानचंदांची झाशी. त्याला कुठं धरायचं?

माझं मत सांगून पुढं जातो. ज्या मातीवर खेळ घडला ती माती खेळाडूची. मग हल अमेरिकेचा, कारण तो कॉलेजात मिनेसोटात खेळला आणि देश म्हणून त्यानं अमेरिका निवडली. पिंटो मुंबईचा. धनराज खडकीचा. खांडकर झाशीचा, आपला पाहुणा. (हशा)

दुसरा मुद्दा मोठा आहे, तिथं जरा थांबतो. मोजमाप.

आइस हॉकीत एक सुंदर रिवाज आहे. गोल झाला की गोल करणाऱ्याचं नाव लिहितात, आणि त्याच्याआधी पक ज्यांनी पुढं दिला त्या दोघांपर्यंत नावं लिहितात. त्याला असिस्ट म्हणतात. गोलालाही एक गुण, असिस्टलाही एक गुण. म्हणजे वहीत तीन माणसं येतात. गेल्या शंभर वर्षांतल्या जवळजवळ प्रत्येक गोलाचा हिशेब त्यांच्याकडे आहे. म्हणून ते भांडू शकतात. आकडे असले म्हणून भांडण मिटत नाही, उलट रंगतं.

आता आपल्याकडे या. धनराज पिल्ले भारताकडून ३३९ आंतरराष्ट्रीय सामने खेळला. गोल किती केले? सांगा कोणीही. नाही सांगता येणार. मलाही नाही, आणि भारतीय हॉकी महासंघालाही सांगता आलं नाही. कारण महासंघानं गोलांची अधिकृत नोंदच ठेवली नाही. १७० च्या वर असतील असं धनराज स्वतः सांगतो, आकडेवारी जमवणारेही तसंच म्हणतात. हे १९५० सालचं नाही हो! १९८९ ते २००४. या काळात गावोगावी एसटीडी बूथ आले, टीव्ही आला, मोबाइल आला, आणि देशाच्या सर्वांत मोठ्या फॉरवर्डचे गोल कोणी लिहून ठेवले नाहीत. ग्रामपंचायत नळाची पाणीपट्टीसुद्धा वहीत मांडते!

आणि गोल करणाऱ्याची ही अवस्था, तर पास देणाऱ्याची काय असेल? ज्याच्या अंगावर दोघे-तिघे धावून यायचे, पेनल्टी कॉर्नर मिळायचा आणि मग गोल दुसऱ्याच्या नावावर जायचा, त्या धनराजचा तो अर्धा खेळ कोणत्या वहीत आहे? कुठल्याच नाही.

त्याहून मागं जा. १९३६, बर्लिन. १५ ऑगस्टला अंतिम सामना, भारत ८, जर्मनी १. सगळ्यांना ध्यानचंद आठवतात आणि आठवावेतच. त्या संघात हाफबॅकच्या जागी बाबू निमल नावाचा पुण्याकडचा खेळाडू होता. हाफबॅकचं काम काय? समोरच्याकडून चेंडू काढायचा आणि पुढं ध्यानचंदांच्या फळीकडे पोचवायचा. आठ गोलांपैकी किती चेंडू निमलच्या काठीवरून निघाले? असिस्टची वही असती तर आज मी इथं आकडा सांगितला असता, आणि तुमच्यापैकी कोणी धनराजऐवजी निमल म्हणून ओरडला असता.

बर्लिनचा विषय निघालाय तर विदर्भाची आठवण करून देतो. त्याच १९३६ मध्ये, त्याच बर्लिनमध्ये, आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक देशी खेळ आणि व्यायाम दाखवायला गेलं होतं. या रस्त्यानं पश्चिमेला गेलं की जे शहर लागतं, तिथले आपले पोरगे हिटलरच्या बर्लिनमध्ये कबड्डी दाखवून आले. विषयांतर झालं, पण हे सांगितल्याशिवाय मला इथून जाता आलं नसतं.

तिसरा मुद्दा मी मांडणार होतो तो काळाचा. वेगवेगळ्या पिढ्यांची तुलना करता येते का? फार लांबवत नाही. १९४८ चा संघ गवतावर खेळला. १९७६ च्या मॉन्ट्रिअल ऑलिंपिकला कृत्रिम मैदान आलं आणि भारत सातवा आला. गवतावर मनगट लागतं, टर्फवर फुप्फुस लागतं, असं ढोबळ मानानं म्हणा. पिंटोच्या काळात भारत जिंकणार हे गृहीत होतं. धनराजच्या काळात हरणार हे. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी, चार आशियाई खेळ, असं खेळलेला तो एकमेव खेळाडू. १९९८ ला बँकॉकमध्ये त्याच्याच कर्णधारपदाखाली भारतानं ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण जिंकलं, अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला पेनल्टी स्ट्रोक्सवर हरवून. मायदेशी आल्यावर काय झालं? धनराजसह सात जणांना संघातून वगळलं! 'विश्रांती' असं त्याला नाव दिलं. बक्षीस म्हणून सक्तीची विश्रांती देणारे आपण जगात एकटेच असू. सिडनीत २००० साली पोलंडनं शेवटच्या मिनिटांत बरोबरी केली आणि उपांत्य फेरीचं दार बंद झालं. तरी २००३ ला क्वालालंपुरात आशिया चषक त्यानंच उचलला, पाकिस्तानला ४-२ नं हरवून. पडत्या काळात पंधरा वर्षं ओढून नेणं हे सुवर्णकाळात सुवर्ण जिंकण्यापेक्षा मोठं की लहान? माझ्या मते मोठं. तुम्हाला पटायलाच हवं असं नाही.

आता मघाचा १९८० चा धागा. फेब्रुवारीत अमेरिकेनं सोव्हिएत संघाला ४-३ नं हरवलं. नंतर अफगाणिस्तानच्या प्रश्नावरून अमेरिकेनं मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला. पाकिस्तान नाही, पश्चिम जर्मनी नाही, हॉलंड नाही. पुरुषांच्या हॉकीत उरले सहाच संघ. २९ जुलैला अंतिम सामना, भारत विरुद्ध स्पेन. निकाल? भारत ४, स्पेन ३. तोच आकडा! अमेरिकेत त्या ४-३ वर चित्रपट निघाले. आपल्या ४-३ ला आपणच 'बहिष्काराचं सुवर्ण' म्हणून नाक मुरडलं. त्या संघात मुंबईचा मर्विन फर्नांडिस होता. तो पुढं लॉस एंजलिस आणि सोल अशी एकूण तीन ऑलिंपिक खेळला. समोर कोण आलं नाही, हा खेळाडूचा गुन्हा असतो का?

आणि आता ज्या नावासाठी मी खरं तर हा विषय घेतला, ते नाव. एलिझा नेल्सन.

किती जणांनी ऐकलंय? हात वर करा. ... तीन. चला, माझ्या अंदाजापेक्षा तीन जास्त. (हशा)

१९८२ चे दिल्लीचे आशियाई खेळ तुमच्यापैकी अनेकांना आठवत असतील. रंगीत टीव्ही आला तो याच सुमारास. पुरुषांच्या हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्ताननं भारताला ७-१ नं हरवलं. ती जखम आजही निघते. गोलरक्षक मीररंजन नेगींना लोकांनी काय काय ऐकवलं! पुढं एका हिंदी चित्रपटाला त्यातूनच प्रेरणा मिळाली म्हणतात. मी विचारतो, त्याच दिल्लीत, त्याच खेळांत, महिलांच्या हॉकीचं सुवर्णपदक कोणी जिंकलं? भारतानं. कर्णधार कोण? पुण्याची एलिझा नेल्सन. आशियाई खेळांत महिलांची हॉकी पहिल्यांदाच आली होती आणि पहिलंच सुवर्ण तिच्या संघानं घेतलं. सरकारनं पद्मश्री दिली. त्या खेळांच्या दोन वर्षं आधी मॉस्कोत महिला हॉकी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली तेव्हाही ती त्या संघात होती, आणि तिच्यासोबत रेखा मुंडफण, सेल्मा डिसिल्वा, मार्गारेट टोस्कानो. आपण १-७ जपून ठेवलं आणि सुवर्ण विसरलो. हरलेले पुरुष आठवतात, जिंकलेल्या बाया आठवत नाहीत.

अमेरिकेचं फार वेगळं नाही. १९९८ ला नागानोत महिलांची आइस हॉकी पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आली. सुवर्ण अमेरिकेनं जिंकलं, कर्णधार कॅमी ग्रॅनाटो. 'सर्वांत मोठा अमेरिकन' या याद्यांत तिचं नाव बराच काळ वेगळ्या कागदावर असायचं. २०१० ला ती हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेली, स्त्रियांमधल्या पहिल्या दोघींपैकी एक. त्यांनी कागद जोडायला बारा वर्षं घेतली. आपण चाळीसहून जास्त घेतली आणि अजून डिंक शोधतोय. फलटणच्या बाजूनं वैष्णवी फाळके, ऋतुजा पिसाळ अशा मुली आता भारताच्या संघापर्यंत पोचल्या आहेत. त्यांना तरी एलिझा नेल्सन कोणी सांगितली असेल का?

आता सुरुवातीला सोडलेली गोष्ट. हे भाषण कारंज्यातच का?

मघाशी त्या म्हाताऱ्याचा लाडका फ्रँक ब्रिमसेक आला होता ना, गोलरक्षक? पहिल्याच हंगामात, १९३८-३९ ला, दहा सामने एकही गोल न खाता खेळला. लोकांनी नाव ठेवलं मिस्टर झीरो. ऐन भरात असताना दुसऱ्या महायुद्धात तटरक्षक दलात गेला, दोन हंगाम गेले. हा माणूस कुठला? न्यूयॉर्कचा नाही, शिकागोचा नाही. मिनेसोटातल्या एव्हलेथ नावाच्या गावचा. लोखंडाच्या खाणीचं गाव, वस्ती आज चार हजारांच्या आत. आपल्या कारंज्याहून लहान! आणि अमेरिकेच्या हॉकीचं हॉल ऑफ फेम बांधायची वेळ आली, तेव्हा ते त्या गावात बांधलं.

गोलरक्षक काढण्यात विदर्भ मागं नाही. शेजारचा यवतमाळ जिल्हा. तिथला आकाश चिकटे भारताचा गोलरक्षक झाला. २०१७ ला ढाक्यात भारतानं आशिया चषक जिंकला, त्या संघात दोन गोलरक्षक होते: यवतमाळचा चिकटे आणि मुंबईचा सूरज करकेरा. दोघेही महाराष्ट्राचे! त्याच वर्षी डिसेंबरात भुवनेश्वरला वर्ल्ड लीगच्या उपांत्यपूर्व सामन्यात समोर बेल्जियम, आदल्याच वर्षीचा ऑलिंपिक रौप्यविजेता. सामना ३-३. मग शूटआउट. एकेक खेळाडू मोकळा धावत येणार आणि समोर एकटा गोलरक्षक. चिकटेनं त्यांतले काही अडवले आणि भारत जिंकला. यवतमाळात कापूस पिकतो आणि दुष्काळ पिकतो, एवढंच ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे सांगा.

माझी यादी मागाल, तर ही घ्या. पहिला धनराज, इथं तुमचं बरोबर. फक्त आता तो चौघांशी लढून पहिला आलाय. दुसरी एलिझा नेल्सन. तिसरा लिओ पिंटो. चौथा मर्विन फर्नांडिस, तीन ऑलिंपिकसाठी आणि मॉस्कोला नाक मुरडणाऱ्यांना उत्तर म्हणून. पाचव्या जागी मी बाबू निमलला बसवतो. त्याच्याबद्दल छापील पुरावा सर्वांत कमी आहे, आणि अंतिम सामन्यात आठ गोल करणाऱ्या फळीच्या मागं जो उभा होता त्याला पुराव्याअभावी बाहेर ठेवायला माझी तयारी नाही. चिकटेला मी अजून बाहेर ठेवलंय; सामने कमी पडतात. यवतमाळकर कोणी सभागृहात असतील तर ते आता उठतीलच. अध्यक्षांनी प्रश्नांसाठी वीस मिनिटं दिली आहेत. उठा, आणि माझ्या यादीतून कोणाला काढायचं ते नावानिशी सांगा.